सिस्टरची सही आणि तिच्यामागचा कायदा

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात रुग्णालयांतील परिचारिका सभासदांच्या वतीने केलेले भाषण)



या अभ्यासवर्गात वेतन, पेन्शन, बदल्या, कंत्राटी भरती या विषयांवर नेहमी बोलणे होते. आज आम्ही परिचारिका जरा वेगळा विषय घेऊन आपल्यापुढे उभ्या आहोत. आमच्या कामावर कायद्याची कोणती बंधने आहेत, चूक झाली तर आम्हाला जाब कोण विचारू शकतो, आणि तो विचारला जात असताना मालकाची जबाबदारी कुठे जाते, हा तो विषय आहे.

हा तर नर्सेसचा घरचा प्रश्न, तो आम्ही का ऐकावा, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे आपण आणि आपली घरची माणसे आमचे रुग्ण आहात. रेल्वेचे रुग्णालय असो, केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा दवाखाना असो, की बिल पुढे मंजूर करून घेऊ म्हणून गाठलेले खासगी इस्पितळ असो, खाटेजवळ चोवीस तास असते ती सिस्टर. दुसरे म्हणजे ज्या कलमाखाली सिस्टरवर फौजदारी खटला भरला जातो, त्याच कलमाखाली लोको पायलट, गेटमन आणि टपालाच्या मोटारीचा ड्रायव्हरही उभा केला जाऊ शकतो. त्या कलमातली शिक्षा १ जुलै २०२४ पासून वाढली आहे. ते कसे, हे पुढे सांगू.

सहीची किंमत

आपल्या खात्यांत सहीला काय किंमत असते, हे आपणास सांगायला नको. विमा उतरवलेली टपालवस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सही होते. पुढे वजनात फरक निघाला, तर शेवटची सही कोणाची हे पाहिले जाते. स्टेशन मास्तर आणि गेटमन फोनवर बोलतात तेव्हा नुसत्या तोंडी शब्दावर भागत नाही. प्रायव्हेट नंबरची देवघेव होते आणि तो वहीत लिहिला जातो. उद्या काही घडले तर ती वहीच साक्ष देते.

वॉर्डातही असेच आहे. रात्री दोन वाजता डॉक्टर फोनवर औषध सांगतात. सिस्टरने ते ऐकून लगेच लिहायचे, लिहिलेले परत वाचून दाखवायचे, डॉक्टरांचे नाव आणि वेळ टाकायची. डॉक्टर आले की त्यांनी त्याखाली सही करायची. शेवटची पायरी राहून गेली तर कागदावर एकटी सिस्टर उरते. डॉक्टरांनी सांगितलेच नव्हते, असे उद्या कोणी म्हटले तर तिच्याजवळ दाखवायला काही नसते.

औषध देताना रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, मार्ग तोच आणि वेळ तीच, हे तपासून मग द्यायचे हे आमच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षातच शिकवले जाते. दिल्यावर लिहायचे, देण्याआधी लिहायचे नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत पोट उघडण्यापूर्वी आणि शिवण्यापूर्वी कापडाचे तुकडे, सुया, अवजारे मोठ्याने मोजायची असतात. एकीने मोजायचे, दुसरीने ऐकून फळ्यावर लिहायचे. मॉर्फीनसारखी औषधे कुलपात ठेवायची आणि पाळी बदलताना दोघींनी मिळून त्यांची मोजदाद करायची. या सगळ्या रीती अपघातांतून आल्या आहेत. आपल्या जनरल रूल्सची पुस्तके जशी जुन्या अपघातांच्या चौकश्यांतून तयार झाली, तसेच हेही.

नर्स कोणाला म्हणावे

पांढरे कपडे घातलेल्या कोणालाही लोक सिस्टर म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने नर्स ती, जिचे नाव राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत आहे. देशभर शिक्षणाचा दर्जा एक राहावा म्हणून १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा झाला आणि १९४९ मध्ये ती परिषद स्थापन झाली. नोंदणीचे आणि शिस्तीचे काम मात्र राज्यांच्या परिषदांकडे राहिले. महाराष्ट्रात ते काम १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली चालते. सहायक परिचारिका प्रसाविका, जनरल नर्सिंग आणि बी. एस्सी. नर्सिंग असे अभ्यासक्रम आहेत. त्यांपैकी कोणताही पुरा केला की नोंदणी करायची आणि ठरलेल्या मुदतीने तिचे नूतनीकरण करायचे. दुसऱ्या राज्यात नोकरीला गेले की तेथल्या परिषदेकडे नाव लावून घेण्याची रीत आहे. आता राष्ट्रीय नोंदवहीत प्रत्येक नर्सला एक क्रमांकही मिळतो.

रेल्वेच्या माणसाला हे पटकन समजेल. सक्षमता प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला आपण इंजिनावर किंवा केबिनमध्ये बसवत नाही. बसवले आणि काही घडले, तर त्या माणसाइतकाच त्याला बसवणाराही दोषी असतो. नर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. १९९३ च्या डिसेंबरात दिल्लीतील एका खासगी रुग्णालयात तापाने आजारी असलेला एक लहान मुलगा दाखल होता. तेथील नर्सने वडिलांना एक इंजेक्शन आणायला सांगितले आणि ते शिरेतून दिले. मूल आईच्या मांडीवरच कोसळले. त्याचे हृदय बंद पडले, ते पुन्हा सुरू झाले, पण मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स पुरेशी शिकलेली नव्हती आणि कोणत्याही राज्याच्या परिषदेत तिची नोंदणी नव्हती, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाला आढळले. निवासी डॉक्टरने इंजेक्शन स्वतः द्यायचे ते तिला देऊ दिले, हा त्याचा दोष ठरला. मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला.

या निवाड्याचा आम्ही असा अर्थ घेतो. नोंदणी हा आमच्या तोऱ्याचा विषय नाही, तो रुग्णाच्या जिवाचा विषय आहे. आणि स्वस्तात पडते म्हणून नोंदणी नसलेली मुलगी वॉर्डात उभी करणारा मालक त्या मुलीच्या आधी जबाबदार आहे.

चार ठिकाणी जाब

एखाद्या रुग्णाचे बरेवाईट झाले तर एकाच घटनेबद्दल नर्सला चार ठिकाणी जाब द्यावा लागू शकतो. एका ठिकाणी सुटका झाली म्हणून दुसरीकडे सुटका होतेच असे नाही.

पहिले ठिकाण म्हणजे खाते. रेल्वेतील नर्सला १९६८ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत, तेच जे आपल्यापैकी रेल्वेवाल्यांना लागू आहेत. टपाल खात्यातल्यांना १९६५ चे केंद्रीय नागरी सेवा नियम आहेत. चार्जशीट, खुलासा, चौकशी, बचाव साहाय्यक हे सगळे आपल्या ओळखीचे आहे. दुसरे ठिकाण म्हणजे परिचर्या परिषद. व्यवसायाला न शोभणारे वर्तन सिद्ध झाले तर ती नोंदवहीतून नाव काढू शकते. नाव गेले की एक नोकरीच नव्हे, सगळा व्यवसायच जातो.

तिसरे ठिकाण म्हणजे भरपाईचे, म्हणजे ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय. हा भाग आपण रुग्ण म्हणून नीट ऐकावा. नोव्हेंबर १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे ठरवले. सर्वांनाच फुकट उपचार देणारी रुग्णालये त्यातून वगळली. पण नोकरीच्या शर्तीचा भाग म्हणून मालक जेव्हा कामगाराच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या उपचारांचा खर्च उचलतो, तेव्हा ती सेवा फुकट समजायची नाही, असेही त्याच निवाड्यात म्हटले. पुढे मध्य रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याची पत्नीच्या मृत्यूबद्दलची तक्रार, रेल्वे रुग्णालयात उपचार मोफत असतात म्हणून ग्राहक नाही, या कारणाने फेटाळली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने तोच नियम लावून त्याला ग्राहक मानले. हा निवाडा २००७ च्या निवाडे संग्रहात छापलेला आहे. म्हणजे रेल्वे रुग्णालयातील उपचार ही कोणाची मेहेरबानी नाही, तो आपल्या वेतनाचाच भाग आहे. २०१९ चा नवा ग्राहक कायदा आल्यावरही वैद्यकीय सेवा त्यात आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

जेथे ग्राहक कायदा लागू होत नाही तेथे दिवाणी दावा असतोच. मराठवाड्यातले एक प्रकरण प्रत्येक नर्सला ठाऊक असायला हवे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात एका बाईची प्रसूतीनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात कापड राहिले. दुसऱ्यांदा पोट उघडल्यावर ते सापडले, पण बाई वाचली नाही. नेमका दोष कोणाचा हे ठरत नाही, असा बचाव सरकारने केला. १९९६ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पोटात कापड राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, आणि तो कोणाच्या हातून झाला हे कळले नाही तरी नोकरांच्या कामाची जबाबदारी सरकारवर येते, असे त्यात म्हटले. खालच्या न्यायालयाने ठरवलेली भरपाई ३६ हजार रुपयांची होती. तेवढ्यासाठी एका कुटुंबाला तेहतीस वर्षे झगडावे लागले.

त्यानंतर २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. तक्रारदाराने अमुक डॉक्टर, अमुक नर्स यांना नावानिशी पक्षकार केले नाही म्हणून तक्रार फेटाळता येत नाही. रुग्णाने रुग्णालयावर दावा करावा. काळजी घेतली होती हे दाखवण्याचे ओझे रुग्णालयावर आहे. या निवाड्यात रुग्णाचे हित आहे आणि आमचेही. मालकाला बाजूला सारून एकट्या सिस्टरकडे बोट दाखवण्याची वाट त्याने अरुंद केली.

चौथे ठिकाण: फौजदारी

आता चौथे ठिकाण, ज्याची आम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते.

पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम ३०४ अ होते. बेदरकार किंवा निष्काळजी कृत्यामुळे कोणाचा मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. डॉक्टर, नर्स, ड्रायव्हर, गेटमन, सर्वांना एकच माप होते. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक मर्यादा घातली. ते प्रकरण लुधियानाच्या एका रुग्णालयातले, १९९५ सालचे. श्वास लागलेल्या रुग्णाला ऑक्सिजन लावायला गेले तर सिलिंडर रिकामा निघाला. न्यायालय म्हणाले, सिलिंडर उपलब्ध नसणे किंवा रिकामा असणे याबद्दल रुग्णालय दिवाणी कायद्याखाली जबाबदार ठरू शकेल, पण त्यासाठी डॉक्टरवर ३०४ अ खाली खटला चालणार नाही. फौजदारी गुन्हा ठरायला निष्काळजीपणा अगदी ढोबळ, अक्षम्य स्वरूपाचा हवा. पोलिसांनी आधी त्याच विषयातल्या तटस्थ डॉक्टरचे मत घ्यावे आणि उठसूट अटक करू नये.

हा विचार आम्हाला मान्य आहे. रिकामा सिलिंडर हा बहुतेक वेळा खरेदीचा, साठ्याचा आणि व्यवस्थेचा प्रश्न असतो. पण त्या निवाड्यातील सूचनांची भाषा डॉक्टरांबद्दलची आहे. नर्सला अटक करण्यापूर्वी कोणाचे मत घ्यावे, हे त्यात लिहिलेले नाही.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्ण गेले. त्यानंतर तीन दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, त्यावर आम्ही बोलणार नाही. आम्ही एवढेच विचारतो की विजेची जोडणी, आग विझवण्याची यंत्रणा, इमारतीची तपासणी ही कामे कोणत्या नर्सच्या कर्तव्यसूचीत लिहिलेली असतात? रेल्वे अपघात झाला तर पॉइंट्समनला पकडले जाते आणि सिग्नलच्या देखभालीचा पैसा कोणी कापला ते शेवटच्या पानावर येते, हा अनुभव आपणास नवा नाही.

आता नव्या कायद्याकडे वळू. भारतीय न्याय संहिता डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने मंजूर केली आणि ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली. जुन्या ३०४ अ च्या जागी कलम १०६ चे पहिले उपकलम आले. शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली. नुसत्या दंडावर सोडण्याची मुभा गेली, आता कैद आणि तिच्याबरोबर दंड. त्याच उपकलमात डॉक्टरांसाठी वेगळी सोय आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या हातून वैद्यकीय उपचार करताना असे घडले तर शिक्षा दोन वर्षांपर्यंतच. आणि नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक कोण, याची व्याख्याही तेथेच आहे. ज्याची पदवी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्याखाली मान्य आहे आणि ज्याचे नाव वैद्यकांच्या नोंदवहीत आहे, तो.

या व्याख्येत नर्स बसत नाही. एकच खाट, एकच रुग्ण, एकच औषध. डॉक्टरने मात्रा लिहिली, सिस्टरने दिली. दोघांवर खटला झाला तर कमाल शिक्षा त्यांना दोन वर्षे आणि तिला पाच वर्षे. ती परिषदेत नोंदलेली आहे, परीक्षा पास आहे, तिचा क्रमांक राष्ट्रीय नोंदवहीत आहे, तरीही. डॉक्टरांना मिळालेल्या सवलतीबद्दल आमची तक्रार नाही, तेही अपुऱ्या माणसांत काम करतात. आमची तक्रार एवढीच की त्यांच्या शेजारी उभी असलेली, त्यांचाच आदेश पाळणारी बाई कायदा लिहिताना कोणाच्या नजरेत आली नाही.

आणि हेही ध्यानात घ्या, की पाच वर्षांच्या त्या रांगेत नर्स एकटी नाही. लोको पायलट, गेटमन, ट्रॅक मेंटेनर, मोटार चालवणारे टपाल कर्मचारी, सर्व तेथेच आहेत.

जबाबदारी आणि मनुष्यबळ

आम्हाला जबाबदारीतून सुटका नको आहे. चुकीचे इंजेक्शन दिले, मोजणी न करता सही ठोकली, रुग्ण हाका मारत असताना दुर्लक्ष केले, तर त्या नर्सला जाब विचारलाच पाहिजे आणि आमच्या सभासदांनीही तिला पाठीशी घालता कामा नये. पण जबाबदारी आणि साधने यांची सांगड हवी.

अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, असे इंडियन नर्सिंग कौन्सिलचे प्रमाण आहे. आपण आपापल्या गावच्या रुग्णालयात रात्री जाऊन खाटा आणि नर्सेस मोजा. तीस-चाळीस रुग्णांना एक सिस्टर हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. त्यातच तिने औषधांचा साठा लिहायचा, संगणकात नोंदी भरायच्या, नातेवाइकांना उत्तरे द्यायची आणि गंभीर रुग्णाबरोबर तपासणीलाही जायचे. रनिंग स्टाफच्या ड्युटीचे तास नियमात लिहिलेले आहेत. ते मोडले तर निदान बोट ठेवायला नियम आहे. नर्स आणि रुग्ण यांचे प्रमाण मोडले म्हणून एखाद्या रुग्णालय प्रमुखावर खटला भरल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. नियम मोडणारा मोकळा आणि त्या मोडलेल्या नियमात काम करणारी आरोपी, असा हा उलटा न्याय आहे.

कंत्राटी नर्सची अवस्था आणखी बिकट आहे. नोंदणी तीच, सही तीच, खटल्याचे कलम तेच. पण चार्जशीट, चौकशी, अपील हे काही नाही, उद्यापासून येऊ नका एवढे पुरते. खासगी रुग्णालयांतील पगारांबद्दल ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली होती. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने समिती नेमायला सांगितले. त्या समितीने, अगदी लहान रुग्णालयातही वीस हजारांपेक्षा कमी पगार नसावा आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी नर्सइतका असावा, अशी शिफारस केली. ती शिफारसच राहते, तोवर थकलेली आणि दोन ठिकाणी ड्युटी करणारी मुलगीच आपल्या खाटेजवळ असणार.

म्हणून आमच्या भगिनींना आम्ही सांगतो: लिहा. वॉर्डात किती रुग्ण आणि किती नर्स, हे रोजच्या अहवालात आकड्यांत लिहा. यंत्र बिघडले, सिलिंडर संपत आला, औषध नाही, तर तोंडी सांगून थांबू नका, लेखी कळवा आणि पोच घ्या. पोचपावतीचे महत्त्व टपालवाल्यांइतके कोणाला ठाऊक असणार! न समजलेला आदेश विचारून घ्या. चुकीचा वाटलेला आदेश पाळण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा आणि सांगितल्याचे नोंदवा. घटनेनंतर कागदात खाडाखोड करू नका. खाडाखोड केलेला खरा कागदही न्यायालयात खोटा वाटतो. आणि खुलासा मागणारा मेमो आला तर त्याच दिवशी रागाच्या किंवा भीतीच्या भरात उत्तर देऊ नका, आधी शाखेच्या चिटणीसाकडे जा.

रुग्णाच्या माणसांना विनंती

आता आपणास रुग्णाचे नातेवाईक समजून दोन शब्द. आपल्या माणसाला कोणते औषध दिले जात आहे, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. सिस्टरचे नाव विचारा, खासगी ठिकाणी नोंदणी आहे का तेही विचारा, त्यात अपमान कोणाचाच नाही. शंका आली तर उपचारांच्या कागदपत्रांची प्रत लेखी अर्ज करून मागा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती मिळायला हवी. तक्रार करायची तर रुग्णालय प्रमुखाकडे, परिचर्या परिषदेकडे, ग्राहक आयोगाकडे करा, आणि तक्रारीत त्या रात्री वॉर्डात किती नर्स होत्या हा प्रश्न न विसरता घाला.

पण हात उचलू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने डॉक्टर, नर्स आणि रुग्णालयावर हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याची भीती घालायला हे सांगत नाही. समोर जी दिसते तिच्यावर राग निघतो आणि जो दिसत नाही तो सुटतो, म्हणून सांगतो.

नर्सच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की केईएमच्या अरुणा शानबाग यांची आठवण होतेच. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयाच्याच आवारात तेथील एका वॉर्डबॉयने त्यांच्यावर हल्ला केला. मे २०१५ मध्ये त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षे त्यांची शुश्रूषा केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या केली. २०११ साली त्यांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. वर्षानुवर्षे केलेल्या शुश्रूषेला कायद्याने दिलेले हे स्थान आहे. त्याच नर्सला सुरक्षित कामाची जागा देणे हे मालकाचे कर्तव्य होते, हीही त्या घटनेची दुसरी बाजू आहे.

आमच्या मागण्या

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो केलेला आहे. त्यात शिक्षण, तपासणी, नोंदणी आणि आचार यांसाठी मंडळे आहेत, राज्यांसाठी आयोग आहेत. व्यवसायाला नवी घडी मिळत असेल तर स्वागत आहे. पण जुन्या परिषदेत राज्य परिषदांनी निवडून दिलेल्या परिचारिका असत, नव्या रचनेचा भर नेमणुकीवर आहे. ज्यांच्यावर शिस्त चालवायची त्यांचे निवडलेले प्रतिनिधी त्यात असावेत, ही आमची पहिली मागणी आहे.

दुसरी, कलम १०६ मधील व्याख्येत नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका यांचा समावेश करावा, आणि अटकेपूर्वी तटस्थ तज्ज्ञ मत घेण्याचा नियम नर्सलाही लागू करावा. त्या मतात अनुभवी नर्सचाही आवाज असावा.

तिसरी, नर्स आणि रुग्णांचे प्रमाण कायद्याने बंधनकारक करावे आणि ते मोडल्याची जबाबदारी रुग्णालय प्रमुखावर टाकावी.

चौथी मागणी सरकारकडे नसून आपल्याकडेच आहे. प्रत्येक विभागीय शाखेने नर्सेसच्या चौकश्यांसाठी जाणकार बचाव साहाय्यक तयार करावेत. वॉर्डातल्या नोंदी वाचता येणारा माणूस आज आपल्याकडे क्वचितच आहे.

कायदा एकदा झाला की बदलत नाही, असे कोणी म्हणेल. याच कलम १०६ चे दुसरे उपकलम अपघात करून पळून जाणाऱ्या वाहनचालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे आहे. जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या ट्रकचालकांनी चाके थांबवली, आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. आम्ही चाके थांबवू शकत नाही. अतिदक्षता विभागातून सिस्टर उठून जाऊ शकत नाही, आणि तिने जाऊही नये. म्हणूनच आमच्या वतीने आपण बोलायला हवे. आपल्या पुढच्या मागणीपत्रात, महागाई भत्ता आणि पेन्शन यांच्या खाली का होईना, कलम १०६ आणि वॉर्डातील नर्सेसची संख्या या दोन ओळी याव्यात. आज रात्री आपल्यापैकी कोणाची तरी आई, कोणाची तरी पत्नी कुठल्या तरी वॉर्डात झोपलेली असेल. तिच्या कागदावर सही करणारी सिस्टर घाबरलेली नसावी, थकलेली नसावी आणि एकटी नसावी, यात आपले सर्वांचेच हित आहे.